कवळीकाकांवर राज्य

पाठीवर धप्पकन हात पडला. हात लहान होता, ओला होता, आणि कंबरेच्या जरासा वर पडला होता. पाठोपाठ आवाज आला, "आऊट! आता तुमच्यावर राज्य!" तो जागच्या जागी थबकला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता आणि खोक्यात, कापसात गुंडाळलेली, एका निवृत्त न्यायाधीशांची वरची आणि खालची कवळी होती. अंगणातली सगळी पोरं त्याच्याकडे डोळे फाडून बघत होती. कुणी भिंतीला पाठ लावून, कुणी पळायच्या बेतात एक पाय उचलून. आता हा कुणाला पकडतो, एवढंच त्या सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्याच्याकडे असं आजवर कुणी बघितलं नव्हतं. "मी खेळत नाहीये," तो म्हणाला. "मग मधून कशाला आलात?" पोरीनं विचारलं. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, वेणी अर्धी सुटलेली होती आणि बोलतानाही ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती. तिला सगळे भिंगरी म्हणतात हे त्याला नंतर कळलं. त्याची कवळ्या बनवायची खोली वरच्या मजल्यावर, पाळणाघर खालच्या मजल्यावर, आणि दातांचे डॉक्टर समोरच्या रस्त्याला. अंगणातून गेलं की वळसा वाचतो, म्हणून तो रोज भिंतीच्या कडेकडेनं, कुणाच्या अध्यातमध्यात न येता जायचा. "डॉक्टर थांबलेत माझ्यासाठी," तो कसाबसा म्हणाला. "बरं, मग टाइम प्लीज म्हणा." त्यानं इकडेतिकडे बघितलं. मोठं माणूस कुणी नव्हतं. "टाइम प्लीज," तो म्हणाला, आणि सगळं अंगण एकदम सैलावलं, उचललेले पाय खाली आले, कुणीतरी नाक पुसलं. खोका छातीशी धरून तो पोरांच्या मधून वाट काढत गेला तेव्हा त्याचे कान तापले होते.

दुपारी खोलीत बसून मेण कोरताना त्याला पाठीवरची ती जागा अजून जाणवत होती. शर्ट केव्हाच वाळला होता. तरी पाठीवर तेवढाच एक तुकडा जागा असावा आणि बाकीचं अंग झोपलेलं, तसं काहीतरी. खिडकीतून खालचा कलकलाट येत होता. इतकी वर्षं तो या कलकलाटावर वैतागत आला होता. आज मात्र तो कान देऊन ऐकत होता, त्यात कुठे आपलं नाव निघतंय का म्हणून. राज्य. हा शब्द किती वर्षांनी कानावर पडला. आणि मेणातला दाढेचा खळगा हलक्या हातानं खोल करता करता त्याच्या ध्यानात आलं की आपल्यावर राज्य कधी आलेलंच नाही. चोपन्न वर्षांत एकदाही नाही. त्याला हसू आलं.

तो जन्मला तोच मूठभर. चार वर्षांचा असताना पायरीवरून पडला, हनुवटी फुटली, टाके पडले, आणि त्या दिवसापासून आईनं ताईला बजावलं, याचा हात सोडायचा नाही. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. संध्याकाळी घरामागच्या बोळात पोरं जमली की ती त्याला घेऊन यायची आणि चकायच्या आधीच जाहीर करून टाकायची, "हा कच्चं लिंबू." म्हणजे हा खेळात आहे, पण नाहीसुद्धा. याला पकडलं तरी हा आऊट नाही. यानं कुणाला पकडलं तरी ते खरं नाही. चकताना तो पोरांच्या घोळक्यात आपला तळवा पुढे करायचा, पण त्याचा तळवा पालथा पडला की उताणा याची कुणी दखल घ्यायचं नाही. एकदा लपाछपीत ताईला चकवून तो एकटाच रिकाम्या पिंपामागे जाऊन लपला होता. गुडघे पोटाशी, गाल थंडगार पत्र्याला टेकवलेला, पत्र्याचा तो गंजका वास. छाती अशी उडत होती की पिंप वाजेल असं वाटत होतं. ज्याच्यावर राज्य होतं तो मुलगा आला, वाकला, दोघांची नजरानजर झाली. आणि तो मुलगा म्हणाला, "तू होय," आणि पुढे गेला. बस्स, एवढंच. त्यात चिडवणं नव्हतं, दुष्टपणा नव्हता. पण ते 'तू होय' त्याला नंतर कितीतरी ठिकाणी ऐकू आलं. दुकानात गर्दी असली की दुकानदार त्याच्या डोक्यावरून पाठीमागच्याला विचारायचा, काय पाहिजे. लग्नाच्या बोलण्यांतून तो असाच निसटून गेला, म्हणजे कुणी नाही म्हणालं नाही, विषयच पुढे सरकला. भावोजी वारल्यावर तो ताईकडे राहायला गेला आणि मग तर सगळं सोपंच झालं. बँकेत ताई बोलायची, घरमालकाशी ताई बोलायची, डॉक्टरकडे नेल्यावर "याचं पोट दुखतंय" हे ताई सांगायची आणि डॉक्टर तिलाच विचारायचे, कुठे दुखतंय. टेलिफोन ऑफिसात तिची उभी हयात गेली. लोकांना जोडून द्यायचं, मधे आपण बसायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. त्याची तक्रार नव्हती. तिच्या पंखाखाली ऊब होती. तिथून फारसं काही दिसत नव्हतं एवढंच.

आणि आता दातांच्या डॉक्टरांनी नवीनच काढलं होतं. दवाखान्यामागची जागा घेऊन तिथे कवळ्यांची मोठी कार्यशाळा थाटायची, सहा कारागीर ठेवायचे, आणि त्यांच्यावर प्रमुख म्हणून यानं बसायचं. बसायचं म्हणजे काम वाटून द्यायचं, चुकलेलं परत करायला लावायचं, कोण उशिरा आला ते बघायचं. ताईनं ऐकल्या ऐकल्या निकाल दिला. "माणसं सांभाळायची म्हणजे काय खेळ आहे? तुला नाही झेपायचं. मी सांगते डॉक्टरांना." त्यानं मान हलवली होती. ती मान हलवणं त्याला आता, मेण कोरता कोरता, दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याला वळसा घालून जाता आलं असतं. तो अंगणातूनच गेला. पाळणाघरवाल्या बाई दारात खुर्चीवर बसल्या होत्या, कंबरेला रुंद पट्टा बांधून, आणि बसल्या जागेवरून पोरांना हाकत होत्या. "कवळीवाले," त्यांनी हाक मारली, "देवासारखे आलात बघा. जरा हे टोक धरता? माझी कंबर धरलीय, वाकलं की प्राण जातो." एक मोठी जुनी चादर होती, तिच्या कडा पोरांनी चारी बाजूंनी मुठीत पकडल्या होत्या आणि मधोमध एक लाल चेंडू होता. एका बाजूला धरायला कुणी नव्हतं, तिथे चादर लोंबत होती. तो खोका पायरीवर ठेवून गेला आणि त्यानं कड धरली. त्याला वाटलं, धरून उभं राहायचं, झालं. पण सगळ्यांनी एकदम हात वर केले, चेंडू उडाला, आणि त्याच्या बाजूला चादर खालीच राहिल्यामुळे तो घरंगळत येऊन नेमका त्याच्या नाकावर बसला. अंगण हसून लोळलं. "काका, तुम्ही आमच्याकडे बघतच नाही!" भिंगरी म्हणाली. "चेंडूकडे बघताय!" "मग कुणाकडे बघायचं?" "सगळ्यांकडे!" बाई खुर्चीवरून म्हणाल्या, "बरोबर सांगतेय ती. एकट्यानं जोर केला की चेंडू पडतो, एकानं आळस केला तरी पडतो. मनगटं तयार होतात यांची, बोटांत बळ येतं, पुढे लिहायला बसले की हात दुखत नाही. पण मला मेलीला खरं कौतुक वाटतं ते याचं की ही माकडं एकमेकांसाठी थांबायला शिकतात. चालणं, पळणं आपोआप येतं हो. थांबणं फार कठीण." त्यानं पुन्हा कड धरली. या वेळी समोरच्या पोराच्या खांद्यांकडे बघितलं, खांदे उचलले गेले तसे आपले हात उचलले, आणि चेंडू सरळ वर गेला, अंगणावरच्या तारेपर्यंत, आणि परत चादरीच्या मधोमध येऊन पडला. सगळी पोरं 'हो' करून ओरडली. त्या ओरडण्यात एक घोगरा आवाज होता. तो आपलाच आहे हे कळायला त्याला एक क्षण लागला.

बाईंची कंबर लवकर बरी व्हायचं नाव घेईना, आणि खरं सांगायचं तर त्यालाही त्याची घाई नव्हती. दुपारचं काम आवरलं की तो खाली उतरायचा. ताईला सांगायचा, काम वाढलंय. हे एका अर्थी खरंच होतं. पोरांनी त्याचं नाव कवळीकाका ठेवलं आणि त्याला शिकवायला घेतलं. जमिनीवर खडूनं आखलेल्या रेघेवरून डोक्यावर वाळूची पिशवी ठेवून चालायचं, त्याची पिशवी तिसऱ्या पावलाला पडायची आणि त्याच्या कंबरेएवढी पोरगी त्याला गंभीरपणे सांगायची, "पोट आत घ्या काका, आणि श्वास घ्या." पायाला पाय बांधून दोघादोघांनी पळायचं, तो आणि एक जाडगेला पोरगा असे पडले की दोघांना वेगळं करायला बाईंना कंबरेचं दुखणं विसरून उठावं लागलं. चेंडू झेलताना तो अजून डोळे मिटायचा. पुतळा-पुतळा मात्र तो जिंकायचा. गाणं थांबलं की थांबायचं, हलला तो बाद. वर्षानुवर्षं श्वास रोखून मेणावर पातं धरलेला माणूस तो. एका पायावर, हात हवेत, तोंड वाकडं, असा तो उभा राहायचा आणि पोरं त्याच्याभोवती फिरून त्याला गुदगुल्या करायची, नाकाशी गवताची काडी न्यायची, पण तो हलायचा नाही. आत मात्र त्याचं सगळं हलत असायचं. इतकं हसू त्याच्यात कुठे साठलं होतं कुणास ठाऊक.

मग एका दुपारी सगळ्यांबरोबर चकताना त्याचा तळवा एकटाच पालथा पडला आणि त्याच्यावर राज्य आलं. रीतसर. कुणी म्हणालं नाही, काका मोठे आहेत, काकांना सोडा. सगळे त्याच्यापासून पळाले, आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्याला बघून कुणी पळतंय ही गोष्टच त्याला भयंकर वाटली. क्षणभर मनात आलं, वर निघून जावं, खोली आतून लावून घ्यावी, तिथे सगळे दात जिथल्या तिथे असतात. पण मग त्यानं बघितलं की पळणारी पोरं सारखी मागे वळून बघतायत, तो येतो की नाही म्हणून; त्यांचं पळणं त्याच्यावाचून अडलं होतं. तो धावला. वाईट धावला, कोपरं बाहेर काढून, चपलेतून पाय निसटत. शेवटी तो जाडगेला पोरगा भिंतीपाशी सापडला आणि यानं त्याच्या दंडाला गरम मेणाला लावावीत तशी दोन बोटं लावली. पोरगा रागावला. "नीट धरा ना काका! असा तर मी सुटेन!" त्यानं नीट धरलं. दंड घामेजलेला, मऊ, आत कुठेतरी नाडी उडत असलेली. आपली पकड एवढी घट्ट असू शकते, आणि ती कुणाला हवी असू शकते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याच खेळात पुढे दोघांत जुंपली. "मी आधी भोज्याला शिवलो!" "खोटं! रडीचा डाव!" दोघंही लालबुंद, एकमेकांची कॉलर धरून. आणि मग दोघंही त्याच्याकडे वळले. त्यानं सवयीनं मागे वळून बघितलं, पाठीमागे कुणी आहे का. मागे नुसती भिंत होती. बाई आत दूध तापवत होत्या. "मी बघितलं नाही," तो म्हणाला, आणि एवढं खरं बोलून झाल्यावर पुढचं आपोआप आलं, "ज्यानं त्यानं आपल्या जागेवर जायचं. परत पळायचं. मी आता डोळे उघडे ठेवतो." दोघांनी तोंडं वाकडी केली, पुटपुटले, आणि आपापल्या जागेवर गेले. गेले! तो बघतच राहिला. त्याच्या एका वाक्यानं दोन माणसं जागची हलली होती.

त्याच संध्याकाळी नवा साचा पोचवायला गेला असताना तो डॉक्टरांना म्हणाला, "ते कार्यशाळेचं. मी येतो." डॉक्टरांनी चष्मा वर केला. "ताईंना विचारलंत?" "नाही." "त्या तर मागेच म्हणाल्या…" "हो. पण मी येतो म्हणतोय." बाहेर येऊन तो रस्त्यावर दिव्याच्या खांबाला धरून जरा वेळ उभा राहिला. रस्त्यावरची माणसं आपापल्या वाटेनं जात होती, एक बस थांबून पुढे गेली, कुणालाही काही कळलं नव्हतं. त्याला एकदम कडकडून भूक लागली.

ताईला सांगायला तोंड उघडायचं तो दोन वेळा ठरवून बसला, आणि दोन्ही वेळा तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली. तेवढ्यात डॉक्टरांनीच तिला अभिनंदनाचा फोन केला. ती तडक निघाली. खोलीला कुलूप दिसलं, खालून आरडाओरडा ऐकू आला, तशी ती अंगणाच्या फाटकात येऊन उभी राहिली. चष्मा, खांद्याला मोठी पिशवी, ओठ आवळलेले. अंगणात साखळीची पकडापकडी रंगात आली होती. जो पकडला जाईल त्यानं हात धरायचा आणि साखळीत सामील व्हायचं. साखळी लांब लांब होत जाते आणि उरलेल्यांना घेरते. साखळीच्या एका टोकाला जाडगेला पोरगा, दुसऱ्या टोकाला भिंगरी, आणि मधे, दोन्ही हात अडकलेले, शर्ट बाहेर आलेला, घामानं निथळणारा तिचा धाकटा भाऊ.

"हे काय चाललंय?" ताईनं विचारलं. तिच्या त्या आवाजानं पूर्वी टेलिफोनच्या तारा थरथरायच्या. साखळी थांबली. "काम वाढलंय ते हे होय? आणि डॉक्टरांना तू हो म्हणालास? मला न विचारता?"

"हो."

"हो काय हो! इकडे ये आधी."

"ताई, साखळीत आहे गं. हात सोडला की साखळी तुटते."

ताई तरातरा चार पावलं आत आली, बोट उगारून. आणि भिंगरीला कधीच तसं थांबून राहता यायचं नाही, ती ओरडली, "नवीन भिडू! पकडा!" आणि सगळी साखळी तिच्यामागे ओढली गेली, त्याच्यासकट. ताई एक पाऊल मागे सरली. दुसरं सरली. "ए, खबरदार हं," ती म्हणाली. मग तिनं अंगणाकडे एक नजर टाकली, उजवीकडे किती जागा आहे, डावीकडे किती. ही नजर त्यानं कधी पाहिली नव्हती. पिशवी फाटकाला अडकवली गेली, चपला सुटल्या, आणि ताई पळाली.

तो पळायचंच विसरला. ताई पळत होती. बासष्ट वर्षांची, गुडघ्यांना तेल चोळून झोपणारी त्याची ताई वाकून साखळीच्या टोकाखालून सुटली, भिंतीपर्यंत गेली, पोरं तिथे पोचतायत तोवर अंग चोरून उलटी फिरली. तिला वळायला जागाच लागत नव्हती. तिचा अंबाडा सुटला. ती हसत होती, तोंड उघडं टाकून, मुलीसारखी. आणि त्याच्या मनात बोळातल्या त्या सगळ्या संध्याकाळी एकापाठोपाठ आल्या, आणि एकाही संध्याकाळी ताई पळताना दिसेना. ताई दिसायची ती चालताना, त्याच्या पावलांनी, त्याचा हात धरून. प्रत्येक डावात सगळ्यांत आधी आऊट व्हायची ती ताईच. त्याला वाटायचं, ताईला पळता येत नाही. आयुष्यभर त्याला तसंच वाटत आलं होतं. त्याच्या दोन्ही हातांत पोरांचे हात होते. ते कुणी ओढतंय, कुणी ओरडतंय, काका चला ना, एवढंच त्याला कळत होतं.

तिला कुणी पकडू शकलं नाही. शेवटी ती आपण होऊन पायरीवर येऊन बसली, छातीवर हात ठेवून, चेहरा लालेलाल. तो शेजारी बसला. पोरांनी दुसरा डाव मांडायला घेतला.

"तू एवढी पळतेस?" त्यानं विचारलं.

"शाळेत पहिली यायचे."

"कधी? मला कसं माहीत नाही?"

"तू पायरीवरून पडलास त्याच्या आधी." ती केस गोळा करत होती. मग तिचं तिलाच हसू फुटलं. "तुझ्यापायी किती आऊट झाले असेन मी! नुसता वैताग यायचा. तू मधेच वाकून मुंगी बघायचास."

"मग सोडायचा होतास हात."

"आई बघायची ना खिडकीतून." ती थांबली. श्वास अजून जागेवर आला नव्हता. "नंतर आई नव्हती, तरी नाही सुटला. सवय."

त्यानं शर्टाच्या टोकानं तोंड पुसलं.

"सहा माणसं?" ताईनं विचारलं.

"सहा."

"भांडतील रे."

"भांडू देत. मला बघता येतं ते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर घरी येऊन तुला सांगेन, नाही जमलं. मग दोघं मिळून डॉक्टरांना शिव्या देऊ."

ताईनं त्याच्याकडे नीट बघितलं, चष्मा पुसून, पुन्हा घालून. घामानं चिकटलेले केस, बाहेर आलेला शर्ट, हनुवटीवरचा जुना व्रण. तिचा हात त्याची कॉलर सारखी करायला उठला, आणि अर्ध्यातूनच तिनं तो मागे घेऊन आपल्याच गुडघ्यावर चोळला. "पाणी आण जा," ती म्हणाली, "जीव जायचाय माझा."

तो आत गेला. बाईंनी माठाकडे बोट दाखवलं. त्यानं पेला भरला, काठोकाठ, आणि एक थेंब न सांडता, पोट आत घेऊन, हळूहळू पावलं टाकत बाहेर आला. पायरी रिकामी होती. ताई अंगणाच्या पार टोकाला पोचली होती, अनवाणी, मोकळ्या केसांनी, आणि तिच्यामागे धूळ उडवत सगळं पाळणाघर. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. तो जरा वेळ पेला हातात घेऊन उभा राहिला. मग ते पाणी त्यानं स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं, पेला पायरीवर ठेवला आणि तिला पकडायला निघाला.